राईचे राखणदार

आमच्या गावच्या राईत ज्याने कुऱ्हाड चालवली त्याच्या हाताचं पुढे काय झालं, ही गोष्ट वाडीगणिक बदलते. वरच्या वाडीत तो हात खांद्यापासून लुळा पडतो. खालच्या वाडीत माणूस तापाने फणफणतो आणि आठवड्याच्या आत जातो. गुरवांच्या घरी हात शाबूत राहतो, पण त्याची दुभती गाय वाघ राईच्या कडेला ओढून नेतो. माझ्या आजीच्या गोष्टीत मात्र त्याला काहीच होत नाही. गावकी बसते, त्याला एक बोकड आणि पाच पायली तांदूळ दंड होतो आणि सगळा गाव देवळासमोर पंगत मांडून जेवतो. आजी वर म्हणायची, "देवाने हात मोडला असता तर त्याचं एकट्याचं नुकसान. दंड झाला म्हणून गाव तरी जेवला!"

लहानपणी मला वाघाची गोष्ट आवडायची. आता आजीची आवडते. बाकीच्या गोष्टींत राई आपोआप राखली जाते. आजीच्या गोष्टीत कुणाला तरी चोरी पकडावी लागते, सभा बोलवावी लागते, दंड ठरवावा लागतो आणि तांदूळ मोजून घ्यावे लागतात. गेली काही वर्षं गावातली आणि गावाबाहेर राहणारी आम्ही काही माणसं राईची देखभाल करतो. त्या कामाला लागल्यापासून म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींत मी एकच शोधत असतो: हे सगळं तेव्हा कोण करत होतं?

गाव संगमेश्वर तालुक्यातलं, शास्त्री नदीच्या खोऱ्यातलं. वर कातळाचा सडा, खाली नदीकाठची भातखाचरं आणि मधल्या उतारावर चार-पाच एकरांची राई. सड्यावर मे महिन्यात पाऊल टेकवत नाही. राईत शिरलं की उजेड कमी होतो आणि पायाखाली ओल लागते. बेहडा, सातवीण, किंजळ, उंबर, रानआंबा, सुरमाड ही झाडं इथे इतकी वाढलेली आहेत की काहींच्या बुंध्याला दोन माणसांची कव पुरत नाही. गारंबीची वेल एका आंब्यावरून दुसऱ्यावर गेलेली आहे आणि तिच्या हातभर लांब शेंगांतल्या गुळगुळीत बियांनी गावातल्या चार पिढ्यांची पोरं खेळलेली आहेत. राईच्या पोटातून पऱ्या निघतो आणि खालच्या दोन वाड्या त्याच्यावर जगतात.

बेहड्याची गंमत अशी, की तो राईबाहेरही बऱ्यापैकी राहिला, कारण घराला त्याचं लाकूड कुणी वापरत नसे. नळ-दमयंतीच्या आख्यानात कली नळाच्या अंगातून निघून बेहड्यातच शिरतो, आणि आमच्याकडे त्या झाडाखाली तिन्हीसांजेला आजही कुणी थांबत नाही. झाड म्हातारं झालं की त्याला ढोल्या पडतात. त्या ढोलीत उन्हाळ्याच्या तोंडाशी महाधनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते, आणि नर बारीक फटीतून तिला आणि पुढे पिल्लाला फळं भरवत राहतो. जुनी माणसं त्याला गरुडच म्हणतात. त्याच्या पंखांचा घोंघाट आधी ऐकू येतो, पक्षी मागाहून दिसतो.

एवढंच पाहिलं तर राई म्हणजे श्रद्धेने सुखरूप राहिलेलं रान वाटतं. आजी मात्र राईची गोष्ट नेहमी भाजवळीपासून सुरू करायची. भाताची रोपं काढायची जागा उन्हाळ्यात भाजून घेण्याची ही कोकणातली जुनी रीत. जमिनीवर शेण, त्यावर झाडांच्या कोवळ्या फांद्यांची कवळ, मग पातेरा, गवत, वर माती, आणि मग जाळ. दरवर्षी प्रत्येक घराला भारेच्या भारे कवळ लागे. त्यासाठी माणसं आपापल्या मालकीतले ऐन आणि किंजळ शेंड्यापर्यंत सोलून काढत. आजीच्या लहानपणी गावाभोवतीची झाडं शिमग्यापर्यंत नुसते खांब होऊन उभी राहत. पानांचा डोलारा शाबूत असलेली जागा एकच, राई.

"मोह व्हायचा ना," आजी सांगायची. "राईच्या कडेला उभं राहिलं की हाताशी फांदी. कोयता कमरेला. आणि घरी सासू वाट बघते, भारा कमी आणला तर बोलणार." बायकांना आतल्या गाभ्यात जायला बंदी होती, कडेचा पातेरा गोळा करायचं काम मात्र त्यांचंच होतं. म्हणजे राईच्या हद्दीवर रोज उभ्या असत त्या बायका, आणि हद्द मोडायची का पाळायची हा निवाडा त्यांच्या कोयत्यापाशी होत असे. त्यांनी ती पाळली. आजीने याचं कारण कधी देव सांगितलं नाही. ती म्हणे, कवळ तोडलेल्या बाजूचे झरे होळीला आटतात, राईखालचा पऱ्या मिरगापर्यंत वाहतो, हे काय आम्हाला दिसत नव्हतं? घागर तर आम्हीच भरत होतो.

दुसरी गोष्ट कोळशाची, आणि ती मी किमान तीन घरांत ऐकली आहे. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. पेट्रोलची टंचाई, कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी, मुंबईत घराघरांत कोळशाची शेगडी. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना कोळशाचे ठेकेदार फिरू लागले. आमच्या खोतांनी सड्यालगतचं आपलं रान एका ठेकेदाराला दिलं. कातकरी कुटुंबं येऊन राहिली, भट्ट्या लागल्या, आणि पोती होड्यांतून जयगडच्या खाडीकडे जाऊ लागली. वरचं रान संपत आलं तेव्हा ठेकेदाराची नजर राईवर गेली. देवळाला पितळी घंटा आणि नवी कौलं देतो, म्हणाला.

गावाने कौल लावायचं ठरवलं. आमच्याकडे देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात; उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. डावी गळली. ठेकेदाराने घंटेचं वजन वाढवलं आणि पुन्हा कौल लावायला सांगितलं. पुन्हा डावी गळली. गुरवांच्या घरी ही गोष्ट इथे संपते आणि ऐकणारा हात जोडतो. आमच्या घरी ती पुढे जाते. आजीच्या म्हणण्याप्रमाणे आदल्या रात्री गुरवीण आपल्या नवऱ्याला म्हणाली होती, की आपलं एकुलतं एक खाचर पऱ्याखाली आहे, तेवढं ध्यानात ठेवा. कुठल्या पाकळीला किती पाणी लावायचं हे गुरवाला कळत होतं. "म्हणजे गुरवाने फसवलं?" मी एकदा विचारलं. आजी रागावली. "फसवलं कसलं? देवाने त्याला बायको दिली ती काय उगाच?"

तिसरं कथन कातकरवाडीतल्या एका आजोबांचं. त्यांचा बाप त्या भट्ट्यांवर कामाला होता. त्यांच्या गोष्टीत कौल नाही, घंटाही नाही. ठेकेदाराने कातकऱ्यांना रात्री राईच्या मागल्या अंगाने शिरून झाडं पाडायला सांगितलं, आणि त्यांनी कामच बंद केलं. दोन हंगामांची मजुरी थकली होती. आधी ती द्या, मग बघू, म्हणाले. ठेकेदाराने दिली नाही, यांनी कुऱ्हाड उचलली नाही. राईत त्यांचा मध होता, कंद होते, आजारपणातली मुळं होती. हे आजोबा हसत म्हणाले, "तुमच्या देवीनं राखली म्हणतात. राखू दे. आमचे पैसे कुठे गेले तेवढं तिला विचारा."

प्रत्येक घराच्या गोष्टीत राई त्याच घराने वाचवलेली असते. आधी मला यात बढाई वाटायची. पुढे वाटू लागलं, की या सगळ्या गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. गुरविणीचं खाचर, बायकांची घागर, कातकऱ्यांची थकलेली मजुरी आणि देवीचं भय, यांतलं एकही नसतं तर राई कदाचित राहिली नसती.

कौलामागे माणसांचा हात असतो असा संशय साहेबालाही आला होता. 1801 मध्ये फ्रान्सिस बुकॅनन म्हैसूर, कानडा, मलबार या मुलखांतून पाहणी करत हिंडला. कानड्यात त्याला सांगण्यात आलं, की इथली रानं गावच्या देवांची आहेत आणि देवाची परवानगी घेतल्याशिवाय कुणी झाड तोडत नाही. सरकारने या रानांवर हक्क सांगू नये म्हणून लोकांनी काढलेली ही युक्ती दिसते, अशी नोंद त्याने केली. त्याला ती लबाडी वाटली. मला त्यात गावाचं शहाणपण दिसतं, कारण पुढे 1878 च्या वनकायद्याने देशभर मोठमोठी रानं सरकारी राखीव झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे वावरणारी माणसं गुन्हेगार ठरली. त्याच सरकारचे पहिले वन महानिरीक्षक डीट्रिश ब्रँडिस यांना देवरायांत रान राखण्याची देशी पद्धत दिसली होती. पण पाहणाऱ्याचं कौतुक एकीकडे राहिलं आणि कायदा दुसरीकडे चालत राहिला.

इथपर्यंतच्या गोष्टी मी शहरातल्या मित्रांना रंगवून सांगत असे. पुढची गोष्ट बौद्धवाडीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी सांगितली. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. राईच्या कामासाठी घरोघर फिरत होतो, तेव्हा त्यांनी बसायला सांगितलं, चहा दिला आणि म्हणाले, "तुम्ही जुन्या माणसांच्या गोष्टी गोळा करताय ना? मग ही पण लिहून घ्या. राई माझ्या आज्याने राखली."

त्यांचे आजोबा गावचे महार वतनदार. हातात घुंगुरकाठी घेऊन रात्री गावाची आणि राईची फेरी घालायची, कुऱ्हाडीचा आवाज आला तर जाऊन बघायचं, सकाळी मानकऱ्यांना खबर द्यायची. आजीच्या गोष्टीत चोरी "पकडली जाते"; ती पकडणारा माणूस हा होता. त्याबद्दल वाट्याला यायचं ते बलुतं, आणि तेही देणाऱ्याच्या मर्जीने. चोर मानकऱ्याच्या घरातला निघाला तर खबर दिली म्हणून मार, नाही दिली म्हणूनही मार. दंडाच्या पंगतीत त्यांची पानं वेगळी आणि शेवटी. शिमग्यात पालखी सजवायची तेव्हा त्यांनी दूर उभं राहायचं. ज्या राईची राखण करायची तिच्या तोंडाशी असलेल्या देवळाची पायरी चढायची नाही.

"1956 ला बाबासाहेबांनी धम्म दिला," गुरुजी म्हणाले. "माझ्या बापाने घुंगुरकाठी गावकीपुढे नेऊन ठेवली. 58 च्या कायद्याने वतनंच गेली. त्याच्यानंतर तुमच्या राईतले किती किंजळ गेले, मोजलेत कधी?"

गावच्या बोलण्यात त्या काळाचं वर्णन ठरलेलं आहे: लोकांची श्रद्धा कमी झाली, कलियुग आलं, राई विरळ झाली. गुरुजींची गोष्ट ऐकल्यावर त्या वर्णनातला एक साधा तपशील उघडा पडतो. राखणदार गेला होता. तो हक्काने आणि मानाने गेला होता, आणि त्याच्या जागी फुकट फेरी घालायला दुसरं कुणी पुढे आलं नाही. देव तोच होता, भयही तेवढंच असावं. रात्री उठून जाणारा माणूस तेवढा नव्हता.

देवरायांचं गुणगान करताना आपण हा भाग गाळतो. जुनी राखण सामुदायिक होती हे खरं, पण समुदायात काम कुणाचं आणि मान कुणाचा याची वाटणी जन्माने झालेली होती. ती व्यवस्था परत यावी असं म्हणणाऱ्याने आधी घुंगुरकाठी कुणाच्या हातात द्यायची ते सांगावं.

पुढची गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडलेली नसली तरी तिचे साक्षीदार घरातच होते. 11 डिसेंबर 1967 ची पहाट, कोयनेचा भूकंप. कोयना आमच्यापासून सह्याद्रीची एक रांग ओलांडली की आलीच. देवळाची चिऱ्याची भिंत तडकली. गावात पैसा नव्हता. पैसा मुंबईत होता, तोही गिरणीच्या पगारातून वाचवलेला. माझे चुलत आजोबा, अण्णा, लालबागला गिरणी कामगार. गावच्या मुंबईकर मंडळाची सभा चाळीच्या गच्चीवर भरे आणि अण्णा जमाखर्च लिहीत. तडकलेली भिंत बांधता बांधता जीर्णोद्धाराची कल्पना निघाली: कौलारू देऊळ काढून स्लॅबचं करायचं, पुढे सभामंडप. वर्गणी पुरेना. तेव्हा कुणीतरी सुचवलं, की देवाच्या कामाला देवाची झाडं विकली तर पाप कसलं?

कौल लागला, आणि या वेळी उजवा लागला. अण्णा ही गोष्ट फार तटस्थपणे सांगत. पाकळीला पाणी किती लावलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. राईचा पूर्वेकडचा तुकडा गेला. सभामंडप झाला. त्यावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी आहे. झाडं कुठली आणि किती, याची नोंद अण्णांच्या वहीतच राहिली. "आम्हाला वाटलं, गावासाठी काहीतरी पक्कं केलं," अण्णा म्हणत. आठ माणसांच्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला गावात एक पक्की वास्तू असावी असं वाटलं, तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ धजत नाही. पण कोकणातल्या कितीतरी राया अशाच, भक्तीच्या कामासाठी भक्तांच्याच हातून गेल्या, हेही तितकंच खरं आहे.

घाटावर वेगळ्या रीतीने तेच झालं. पानशेतच्या बाजूला धरणाबरोबर रस्ते झाले आणि रस्त्यांवरून कोळशाचे ठेकेदार पोचले. धरणाने उठवलेल्या माणसांनी राईतली झाडं मातीमोलाने विकली. 1971 मध्ये हार्वर्डहून परतलेले माधव गाडगीळ त्या सुमाराला पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत होते. तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर त्यांनी सह्याद्रीतल्या देवराया पायाखाली घातल्या. त्याआधी दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याभोवतीच्या मातृदेवतांची ठाणी धुंडाळताना त्यांच्या भोवतीच्या राया टिपल्या होत्या. 1962 च्या 'मिथ अँड रिअॅलिटी'त ते सापडतं. गाडगीळ-वर्तकांच्या लेखनातली मला सगळ्यात भावलेली हकिगत श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची आहे. तिथली धुपाच्या झाडांची राई तोडीला निघाली, तेव्हा गावकऱ्यांनी शास्त्रज्ञांकडे धाव घेतली. गावाच्या पाण्याचा उगम त्या राईत होता. ती वाचली. त्या गावातल्या बायकांनी आणि माझ्या आजीने एकमेकींना कधी पाहिलं नाही, पण त्यांचं बोलणं एकच निघालं असतं.

महाराष्ट्रात अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद झालेली आहे. कुठली देवाच्या नावावर, कुठली सरकारच्या, कुठली खासगी मालकांच्या. सातबारावर नाव कुणाचंही असलं तरी कडेने शिरणारं रान, वणवा आणि कचरा आवरायला शेवटी जवळचाच माणूस लागतो. आमचं काम तिथून सुरू झालं.

काम म्हणजे काय, तर मुख्यतः रानमोडी उपटणं. अमेरिका खंडातून आलेलं हे झुडूप एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बाजूने देशात शिरलं. आजीच्या लहानपणी ते आमच्याकडे नव्हतं. त्याला उजेड लागतो. दाट राईच्या पोटात ते वाढत नाही, पण पूर्वेकडचा तुकडा तोडल्यावर जी कड उघडी पडली तिथे ते पुरुषभर माजलं. हिवाळ्यात फुलतं, बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं आणि उन्हाळ्यात वाळून वणव्याला सरपण होतं. म्हणून ते पहिल्या पावसानंतर, माती सैल असताना, मुळासकट काढायचं. राहिलेलं फुलायच्या आत कापायचं. कमरेचा काटा ढिला होतो आणि पुढच्या वर्षी निम्मं पुन्हा उगवलेलं असतं. पण निम्मंच.

दुसरं काम जाळरेषेचं. सड्यावर गवतासाठी कुणी आग लावतं, काजूच्या बागेत कुणी पातेरा पेटवतं, आणि वारा फिरला की ती राईकडे येते. शिमग्याच्या आधी राईभोवतीचा पट्टा झाडून, पातेरा बाजूला करून मोकळा ठेवायचा. यात वाडीतल्या बायकांइतकं तरबेज कुणी नाही. पातेरा ओढण्याचं काम त्यांच्या हातात पिढ्यांचं आहे. फरक एवढाच, की आता राईच्या हद्दीचा नकाशा काढायला त्या सोबत असतात आणि आतल्या गाभ्यातही येतात. त्यावरून वाद झाला. गुरवांच्या घरातल्या सुनेनेच तो मिटवला. झाडू चालतो तर पाय का नाही, असं तिने विचारलं.

तिसरं काम सगळ्यात अवघड: काही न करणं. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या उत्साही मंडळींना मोकळी जागा दिसली की रोप लावावंसं वाटतं. मागे एक मोठा सातवीण वादळात आडवा झाला आणि आभाळाएवढं भोक पडलं. कुणी म्हणालं, इथे वड लावू. कुणी म्हणालं, ओंडका विकून बाकडी करू. कातकरवाडीतले आजोबा ओंडक्यावर बसून विडी ओढत होते. "बसायला हे काय वाईट आहे?" म्हणाले. ओंडका तसाच ठेवला. त्यावर आधी अळंबी आली, मग भुंगेरे, आणि भोवताली जांभळाची आणि बेहड्याची रोपं राईने आपणहून काढली. रानमोडी तेवढी आम्ही तिथून उपटत राहिलो. रोपं लावतो ती फक्त तोडलेल्या पूर्व कडेला, राईतल्याच बियांची, खालच्या वाडीतल्या एका परसात वाढवलेली.

तालुक्यात यापेक्षा मोठी कामं चालू आहेत. एईआरएफ या संस्थेने महाधनेशाच्या ढोल्या असलेली बेहड्याची झाडं राखण्यासाठी इथल्या मालकांशी करार केले आहेत आणि हिरडा-बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड प्रमाणपत्रासह बाजार मिळवून दिला आहे. झाड उभं ठेवलं तर घरात दोन पैसे येतात, ही गोष्ट गावात कुठल्याही भाषणापेक्षा लवकर पोचते. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या आल्या. पुष्कळ ठिकाणी त्या कपाटात पडून असतात. आमच्याकडे ती नोंदवही बौद्धवाडीतल्या एका मुलीने लिहायला घेतली आहे. ती गुरुजींची नात. वनस्पतिशास्त्र शिकलेली, गावात राहणारी. अण्णांची जुनी वही मी तिला दिली. तोडलेल्या झाडांची यादी तिने नोंदवहीच्या पहिल्या पानांवर उतरवली. काय होतं ते कळल्याशिवाय काय लावायचं ते कसं ठरवणार, असं तिचं म्हणणं.

स्वयंसेवेची खरी अडचण मला या सगळ्यात कळली. हौसेने आलेला माणूस हौसेनेच जातो. पर्यावरणदिनाला पन्नास माणसं येतात, आणि आषाढात, चिखलात, रानमोडीच्या दुसऱ्या उपटणीला चारजण असतात. तेही ठरलेलेच. जुन्या राखणीत माणूस बांधलेला होता, म्हणून ती टिकली, आणि तो बांधलेला होता म्हणूनच ती अन्यायाची होती. आमच्या राखणीत कुणीच बांधलेलं नाही. अन्याय नाही, पण आषाढात माणसंही नाहीत. मधला मार्ग काढायचा तर माणसाने स्वतःहून बांधून घ्यायला हवं, आणि सगळ्यांनी सारखं.

यंदाच्या शिमग्याला, पालखी घरं घेऊन परतल्यावर, सगळे चाकरमानी गावात असताना, सभामंडपात बैठक झाली. गुरुजींच्या नातीने यादी मांडली. दर महिन्याला दोन घरं, वाडी कुठलीही असो. राईची फेरी, नोंद, आणि हंगामाप्रमाणे ठरलेलं काम. मुंबईत राहणाऱ्याने एकतर स्वतः यायचं नाहीतर त्या दिवसाची मजुरी भरायची. ती मजुरी जो काम करेल त्याला मिळणार, कातकरवाडीला आधी. आणि तिची एक अट: यादीत पहिली नावं मानकऱ्यांच्या घरांची. फेरी घालायची सुरुवात तिथून झाली तरच आमची वाडी नाव देईल, असं तिने सगळ्यांसमोर, बसलेल्या जागेवरून, आवाज न चढवता सांगितलं.

बराच वेळ वाद झाला. मान पालखीचा असतो, फेरीचा कसला, असं एकजण म्हणाला. देवीला कौल लावून बघू, असंही कुणी सुचवलं. गुरव उठले आणि म्हणाले, कौल लावायचा तर माझी ना नाही, पण पाकळी मी लावणार, आणि माझी सून यादीच्या बाजूची आहे. सभामंडप हसला. अट मान्य झाली. मानकऱ्यांतलं एक घर अजून तयार नाही; त्यांच्या धाकट्या मुलाने मात्र वडिलांना न विचारता श्रावणाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहून टाकलं आहे. आषाढाच्या रकान्यात माझं आणि गुरुजींच्या घरचं नाव आहे. गुरुजींचे गुडघे दुखतात, पण पहिल्या फेरीला मी येणार म्हणाले. काठी लागेल, तेवढी चांगली बघून ठेव, असं त्यांनी मला बजावलं आहे, आणि वर म्हणाले, घुंगरू नको.